कामगार कायद्यांचा लाभ आणि भार नेमका कोणाच्या वाट्याला? बेळगाव–निपाणी–कोल्हापूर पट्ट्यापुरती चर्चा

टिळकवाडीचा वाचक (धागाकर्ता)

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या आणि जुने २९ केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. तेव्हापासून आपल्याकडे एकाच वादाच्या दोन बाजू ऐकू येत आहेत. कायदे कडक असले की रोजगार आटतो, असे एक बाजू म्हणते. कायदे सैल केले की कामगार भरडला जातो, असे दुसरी बाजू सांगते. दोन्ही बाजू कामगार हा एकसंध वर्ग धरून बोलतात आणि माझी हरकत नेमकी तिथे आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत (धातूच्या ओतशाळेत) कायम झालेला मोल्डर म्हणजे साचे करणारा, त्याच्याच शेजारी ठेकेदाराकडून आलेला मुलगा, निपाणीत घरी विड्या वळणारी बाई, वडगावात घरच्या मागांवर साड्या विणणारा विणकर आणि बाजार समितीत पोती उचलणारा हमाल यांच्यावर एकाच तरतुदीचा परिणाम सारखा होईल, असे मानायला काहीही आधार नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या कायद्यांनी एकूण नोकऱ्यांची संख्या जितकी बदलली असेल, त्याहून कितीतरी जास्त त्यांनी कोणाला कोणत्या नावाखाली कामावर घ्यायचे हे बदलले आहे. कायम, ठेक्यावरचा, बदली, अप्रेंटिस, घरून काम करणारा, "आमचा कामगारच नव्हे" असा. माणूस तोच असतो, काम तेच असते, फक्त हजेरीचे पुस्तक बदलते.

या विषयासाठी आपला भाग फार सोयीचा आहे. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड कोल्हापुरात आला. आज कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्याचे कायदे बदलतात, पण भाषा, सोयरीक, आठवडी बाजार आणि हाताचे कसब बदलत नाही. अमेरिकेत डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी अशाच एका राज्यसीमेचा उपयोग केला होता. १९९२ साली न्यू जर्सीने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेले आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने ते तसेच ठेवले. दोन्हीकडची मिळून ४१० फास्ट फूडची दुकाने त्यांनी तपासली, तेव्हा वेतनवाढीमुळे न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचे दिसले नाही. पुढे इतरांनी पगारपत्रकांची आकडेवारी घेऊन त्या निष्कर्षाला आव्हान दिले आणि तो वाद बराच चालला; पण सीमेच्या दोन्ही बाजू ताडून पाहण्याची पद्धत रुजली आणि कार्ड यांना २०२१ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कारही मिळाला.

आपल्याकडे अशी तुलना कोणी मनावर घेतली, तर हाताशी भरपूर सामग्री आहे. ज्यांचा प्रत्यक्ष संबंध उद्यमबाग, मच्छे, होनगा, निपाणी, खानापूर किंवा पलीकडच्या कागल, शिरोली, गोकुळ शिरगावशी आला आहे, त्यांनी आपापल्या कामाच्या ठिकाणी काय घडते ते सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

लघुउद्योजक, मच्छे

धागा चांगला आहे. वर्तमानपत्रात सतत चर्चा होते ती १०० आणि ३०० कामगारांच्या आकड्याची, म्हणजे कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची. ही तरतूद १९७६ साली आली तेव्हा तिची मर्यादा ३०० होती, १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० झाली आणि आता औद्योगिक संबंध संहितेने पुन्हा ३०० केली. आमच्यासारख्यांना हा आकडा कधी लागलाच नाही. माझ्या शॉपमध्ये सीएनसी आणि जुनी लेथ मिळून जेवढी माणसे लागतात, त्यांना लागणारे आकडे आहेत १० आणि २०. नव्या संहितेपूर्वी वीज वापरून १० माणसे झाली की कारखाना परवाना लागायचा, आणि १० झाली की कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआय. २० झाली की भविष्य निर्वाह निधी.

माझ्या माहितीतल्या अनेकांनी नवव्या माणसानंतर थांबायचे ठरवले होते. काहींनी एकाच गाळ्यात मध्ये भिंत घालून पत्नीच्या किंवा भावाच्या नावाने दुसरी फर्म काढली. बाहेरून पाहणाऱ्याला ही लबाडी वाटेल, आणि काही वेळा ती असतेही. पण दहावा माणूस घेतल्यावर त्याच्या पगारापेक्षा त्याच्यासोबत येणारी रजिस्टरे, विवरणपत्रे आणि तपासणीच्या निमित्ताने होणारा खर्च मालकाला जास्त भिववतो. विम्यात मालकाचा हिस्सा पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. त्याने कोणी बुडत नाही. बुडतो तो अनिश्चिततेने. ऑर्डर पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या मोठ्या कंपनीकडून येते, तीन महिने दिवसरात्र काम असते आणि मग दोन महिने मशीन झाकून ठेवावी लागते.

नव्या संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० वरून २० कामगारांवर नेली. मला स्वतःला त्यातून श्वास घ्यायला जागा मिळाली, हे मी मान्य करतो. पण १० ते १९ माणसांच्या शॉपमध्येच पॉवर प्रेसवर बोटे जातात, हेही मी या भागात डोळ्यांनी पाहिले आहे. सुरक्षेच्या काही जबाबदाऱ्या १० कामगारांच्या आस्थापनेला अजूनही लागू आहेत, परंतु कारखाना म्हणून नोंद असल्यावर जी नजर राहत होती ती राहील का, ही शंका मालक असूनही मला वाटते. परवान्याचे कागद कमी करा आणि मशीनच्या गार्डची तपासणी वाढवा, असे आम्ही संघटनेच्या बैठकीत मांडत आलो आहोत.

कोअरशॉप

मी एका फाउंड्रीत ठेकेदारामार्फत काम करतो. फाउंड्रीचे नाव लिहीत नाही, कारण प्रकार एकाच ठिकाणचा नाही.

आमच्याकडे गेटवर दोन पंचिंग मशीन आहेत. कायम कामगारांचे कार्ड कंपनीच्या नावाचे, आमचे ठेकेदाराच्या नावाचे. आत गेल्यावर भट्टी एकच, वाळू एकच, शिफ्ट सुपरवायझरही एकच. ज्या कोअर बॉक्सवर (साच्यात बसवायचा वाळूचा गाभा म्हणजे कोअर, तो घडवायची पेटी) मी काम करतो, त्याच्या शेजारच्या बॉक्सवर कायम माणूस आहे आणि दोघांच्या कोअर एकाच ट्रॉलीत एकाच कास्टिंगसाठी जातात. ठेका कामगार कायद्याच्या १९७१ च्या नियमांत तेच किंवा तशाच प्रकारचे काम असेल तर वेतन सारखे असावे अशी तरतूद होती. तिचा आमच्या पगाराच्या पावतीवर कधी मागमूस दिसला नाही.

दुसरी गोष्ट "ब्रेक"ची. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जाते आणि काढताना नोटीस, भरपाई असे हक्क लागू होतात. त्यामुळे २४० दिवस भरत आले की आम्हाला काही आठवडे घरी बसवतात आणि मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने परत बोलावतात. ज्या तरतुदीने कामगाराला सुरक्षितता मिळावी, त्याच तरतुदीमुळे आमच्या वाट्याला दरवर्षी बिनपगाराचे आठवडे येतात. म्हणून कायदाच नको, असे मी म्हणणार नाही. कायम कामगाराला त्याच कायद्याने घर बांधायला कर्ज मिळाले, मुलांची शिक्षणे झाली. पण त्याच्या सुरक्षिततेची किंमत कंपनीने आमच्या नावावर लिहिली आहे, हे स्पष्ट बोलायला हवे. आमच्यातही पुन्हा थर आहेत. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करायला, जिथे धूळ सगळ्यात जास्त, तिथे बहुतेक ओडिशा आणि बिहारकडची मुले आहेत. ती कंपनीने दिलेल्या खोल्यांत राहतात आणि बारा तास थांबायला तयार असतात, म्हणून ठेकेदाराला आमच्यापेक्षा ती जास्त सोयीची वाटतात.

टिळकवाडीचा वाचक (धागाकर्ता)

कोअरशॉप, आपण लिहिलेला अनुभव देशाच्या आकडेवारीशी जुळतो. वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार या शतकाच्या सुरुवातीला संघटित कारखान्यांतल्या कामगारांपैकी साधारण पाचवा हिस्सा ठेक्यावरचा होता. २०२२-२३ मध्ये ते प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेले. २००१ साली स्टील अॅथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठेका पद्धतीवर बंदी आली तरी त्या कामगारांना मूळ कंपनीत आपोआप सामावून घेण्याचा हक्क मिळत नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर ठेक्याचा मार्ग मालकांना अधिकच निर्धास्त झाला.

आता ठेका कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर गेली आहे. मुख्य कामात ठेक्याला मनाई आहे, पण ते काम रीतीप्रमाणे ठेकेदाराकडूनच होत असेल तर सूट आहे. कोअर मारणे हे फाउंड्रीचे मुख्य काम आहे यात शंका नाही. ते "रीतीप्रमाणे" ठेकेदाराकडून होते का, यावर पुढची भांडणे होतील, असे मला वाटते.

पलीकडचा, गडहिंग्लज

महाराष्ट्राच्या बाजूने एक माहिती जोडतो, कारण सीमेचा खरा फरक कारखान्यांपेक्षा हमालीत जास्त दिसतो. केंद्राचा औद्योगिक विवाद कायदा दोन्हीकडे होता. माथाडी कायदा मात्र महाराष्ट्राचा स्वतःचा, १९६९ चा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून तो आला. त्यात हमालाचा मालक कोण, हा प्रश्नच बाजूला ठेवला आहे. व्यापारी बदलतात, पोती बदलतात, म्हणून हमाल आणि व्यापारी दोघांचीही नोंद मंडळाकडे होते. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही म्हणजे जादा वर्गणी मंडळात भरतो आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, सुट्टीचा पगार यांची सोय होते. ज्याला कायम मालक नाही अशा माणसालाही कायद्याचे संरक्षण देता येते, हे या कायद्याने दाखवले आणि त्याचे मोल मला फार वाटते.

त्याचे दुष्परिणामही लिहायला हवेत. नोंदणी असलेल्या टोळीत नव्या माणसाला जागा मिळणे अवघड असते. बहुतेक वेळा बापाच्या जागी मुलगा किंवा पुतण्या येतो. लेव्ही टाळण्यासाठी काही माल गावाबाहेरच्या गोदामांत उतरतो आणि तिथे बिननोंदणीची माणसे काम करतात. म्हणजे मंडळात असलेल्याचे भले झाले आणि मंडळाबाहेरच्याला आणखी आडबाजूला जावे लागले. पण बेळगावच्या बाजारातल्या हमालाला त्या धर्तीचे मंडळच नाही. पोत्यामागे जो दर ठरेल तो रोख घ्यायचा. म्हातारपणी गुडघे गेल्यावर त्याच्यामागे काही उभे नसते. माझे दोन चुलते, एक इकडे आणि एक तिकडे, हेच काम करत होते, म्हणून हा फरक मला घरात बसून दिसला.

निपाणीची सून

आतापर्यंतच्या चर्चेत बायका जवळजवळ नाहीत, म्हणून लिहिते.

निपाणीत विडी आणि तंबाखू म्हणजे बायकांचे काम. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, पाला निवडणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा त्या काळात फार पुढचा होता, कारण घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही त्याने कामगार मानले. कारखानदारांनी त्याला आव्हान दिले आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पुढे १९७६ मध्ये कल्याण निधीचे कायदे आले आणि विड्यांवरच्या उपकरातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरासाठी मदत असे काही मिळू लागले. सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात निपाणीतल्या बायकांनी संघटना करून किमान वेतनासाठी आणि वखारीतल्या वागणुकीविरुद्ध जे लढे दिले, ते या कायद्याच्या पाठबळावरच दिले.

मग काय झाले ते माझ्या सासूबाईंच्या हातातल्या पुस्तकावरून सांगते. त्यांच्याकडे कंपनीचे लॉगबुक होते. पान किती दिले, तंबाखू किती दिला, विड्या किती घेतल्या, छाट म्हणजे नापास विड्या किती काढल्या, सगळे त्यात लिहिलेले असे आणि हजार विड्यांमागे मजुरी आणि फंडाची नोंद असे. नंतर आमच्या गल्लीत दुसरी पद्धत आली. मुकादम पान आणि तंबाखू "विकतो" आणि तयार विड्या "विकत घेतो". कागदावर बाई कामगार राहत नाही, किरकोळ व्यापारी होते. छाट झालेल्या विड्यांचे नुकसान तिचे, कमी वजनाच्या पानाचेही तिचेच. मजुरीचा दर वाढला की लॉगबुकावरचे काम कमी होते आणि विकत-घेण्याचे काम वाढते, हे आम्ही प्रत्यक्ष बघितले आहे. यात एकूण बायकांचे काम फार घटले नाही. पुस्तकावरच्या बायका घटल्या.

२०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि विडीवरचा तो उपकर रद्द झाला, त्यामुळे कल्याण निधीचा स्वतंत्र झराही आटला. आता विडी कायदा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या संहितेत गेला आहे आणि सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्यांची गणना असंघटित कामगारांत केली आहे. ज्या बाईला कायद्याने १९६६ पासून कामगार म्हटले, तिला आता ई-श्रमच्या, म्हणजे असंघटित कामगारांच्या नोंदणीच्या, कार्डावर समाधान मानायचे आहे का, हा आमचा सरळ प्रश्न आहे. विडीचे आरोग्यावरचे परिणाम मला माहीत आहेत आणि विडी चालू राहावी म्हणून मी हे लिहीत नाही. धंदा कमी होत जाणारच आहे, पण तो कमी होत असताना फंडाची, पेन्शनची नोंद असलेली बाई आणि नोंद नसलेली बाई यांच्या म्हातारपणात जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

शहापूरची अभियंता

निपाणीच्या वहिनींनी बायकांचा विषय काढला, म्हणून सुशिक्षित, पगारदार बायकांविषयी थोडे.

२०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. रजा हवीच. पण तिचा पगार कोण देतो यावर तिचा परिणाम अवलंबून आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेली बाई कर्मचारी राज्य विम्यात येते आणि तिचे रजेतले वेतन विमा महामंडळ देते. मालकाला ती बाई घेण्यात वेगळा भार पडत नाही. तिच्यापेक्षा हजार-दोन हजार रुपये जास्त वेतन असले की ती विम्याबाहेर जाते आणि पूर्ण २६ आठवड्यांचा पगार एकट्या मालकाने द्यायचा. म्हणजे असेंब्लीतल्या मुलीला कायदा आडवा येत नाही. डिझाइन किंवा क्वालिटीत काम मागणाऱ्या अभियंता मुलीला येतो. एका कंपनीच्या मुलाखतीत माझ्या कामाविषयी दोन प्रश्न आणि लग्न कधी करणार याविषयी चार प्रश्न विचारले गेले. त्याच वेळी बाहेर बसलेल्या ऑपरेटर मुलींना तसे काही विचारले नव्हते. माझ्या मते ती मर्यादाच उठवून सगळ्या नोकरदार बायकांच्या प्रसूती रजेचा खर्च सामाईक निधीतून करायला हवा, तेही स्त्री-पुरुष दोघांच्या वर्गणीतून.

रात्रपाळीचेही तसेच. कर्नाटकाने २०२३ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती करून बायकांना रात्रपाळीची मुभा दिली, सोबत दिवसाला १२ तासांपर्यंत काम, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि तिमाहीतला ओव्हरटाइम ७५ वरून १४४ तास. नियमात वाहनाची आणि सुरक्षिततेची अट आहे. मोठ्या कंपन्या बस देऊ शकतात, म्हणून तिथे मुलींना नवी कामे मिळू शकतात. दहा-पंधरा माणसांच्या शॉपच्या मालकाला ती अट परवडत नाही, म्हणून तो मुलगी न घेण्याचा सोपा मार्ग धरतो. आणि १२ तासांची पाळी खानापूरहून बसने येणाऱ्या आईला कशी जमणार? चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी हे ऐकायला बरे वाटते, पण पाळणाघर आठवड्यातले दिवस मोजत नाही, रोजचे तास मोजते.

लघुउद्योजक, मच्छे

ताई, आपण म्हणता ते खरे आहे आणि आमच्यातल्या अनेकांना ते बोलायला अवघड जाते. सामाईक निधीची वर्गणी थोडी वाढली तरी मी आनंदाने भरेन. एकाच माणसाच्या रजेचा पूर्ण खर्च एकाच लहान शॉपवर पडला की तो मालक वाईट नसला तरी वाईट वागतो.

खानापूर, जंगलकाठ

आमच्या भागात कारखाना कायद्यांपेक्षा रोजगार हमीच्या दराचे महत्त्व जास्त आहे. २०२५-२६ साठी मनरेगाचा दर कर्नाटकात दिवसाला ३७० रुपये आणि महाराष्ट्रात ३१२ रुपये ठरला. चंदगडमधल्या पाहुण्यांच्या गावात आणि आमच्या गावात पायवाटेचे अंतर, आणि दरात ५८ रुपयांचा फरक. काम मागितल्यावर मिळते तेव्हा शेतमजुरीचा दर त्याच्याशी तुलना करूनच बोलला जातो आणि त्याचा फायदा विशेषतः बायकांना होतो, कारण पुरुष गोव्याला गवंडीकामाला किंवा हॉटेलात जातात आणि बायका गावातच असतात. काम मिळाले नाही तर मात्र जाहीर दर कितीही असो, त्याचा काही उपयोग नाही.

आणखी एक गट कोणी लिहिला नाही. चिकोडी, अथणी, रायबागकडच्या साखर कारखान्यांवर मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे, पण टोळी सीमा ओलांडून कर्नाटकातल्या फडात उतरली की तिचा वाली कोण, हे ना इकडचा अधिकारी सांगतो ना तिकडचा. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा नेमका यांच्यासाठी होता. त्याच्या परवान्याच्या आधारे एखाद्या टोळीला प्रवासभाडे मिळाल्याचे आमच्या भागात मी ऐकलेले नाही.

कडोली वाचनालय

धागाकर्त्यांना एक प्रश्न. कडक कायद्यांमुळे भारतात कारखानदारी मागे पडली, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे असे नेहमी सांगितले जाते. त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक यांची तुलनाही असते. त्याचे काय?

टिळकवाडीचा वाचक (धागाकर्ता)

आपण टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांच्या २००४ च्या शोधनिबंधाविषयी विचारता असे दिसते. १९५८ ते १९९२ या काळात प्रत्येक राज्याने औद्योगिक विवाद कायद्यात केलेल्या दुरुस्त्यांना त्यांनी कामगारांच्या बाजूची, मालकांच्या बाजूची किंवा तटस्थ असे गुण दिले. त्यात महाराष्ट्र, गुजरात, पश्चिम बंगाल आणि ओडिशा कामगारांच्या बाजूचे ठरले, तर कर्नाटक, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, केरळ हे मालकांच्या बाजूचे. पहिल्या गटात संघटित कारखानदारीतले उत्पादन आणि रोजगार कमी वाढला आणि असंघटित उत्पादन वाढले, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आदित्य भट्टाचार्य यांनी २००६ मध्ये त्या गुणांच्या पद्धतीवर जी टीका केली ती मला पटते. गुजरातसारखे राज्य एखाद-दुसऱ्या दुरुस्तीमुळे कामगारधार्जिणे ठरते आणि केरळ मालकधार्जिणे ठरते, तेव्हा मोजमापातच काही गडबड आहे हे ओळखायला हवे. शिवाय कायद्याचे कलम आणि त्याची अंमलबजावणी यांत किती अंतर असते, ते कोअरशॉप यांच्या पावतीने आणि निपाणीच्या वहिनींच्या लॉगबुकाने आपल्याला दाखवले आहे. राजस्थानने २०१४ मध्ये १०० ची मर्यादा ३०० केली. २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीने त्याचे फळ मिळाल्याचे लिहिले, तर अनेक अभ्यासकांना तिथे रोजगारात ठळक फरक आढळला नाही.

मी मात्र आपल्या भागासाठी वेगळ्याच कायद्याची चिंता जास्त करतो. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने स्थानिक उमेदवारांना खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा राखून ठेवण्याचे विधेयक मंजूर केले आणि उद्योगांच्या विरोधामुळे ते लगेच थांबवले. स्थानिक म्हणजे राज्यात जन्मलेला, १५ वर्षे वास्तव्य असलेला आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणारा. शाळेच्या प्रमाणपत्रात कन्नड विषय नसेल तर परीक्षा द्यायची. हरियाणाचा ७५ टक्क्यांचा असाच कायदा पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला आहे. तरीही असे विधेयक पुन्हा येऊ शकते.

निपाणीची सून

त्या व्याख्येविषयी मला बोलायचेच होते. माझे माहेर गडहिंग्लज तालुक्यातले. आमच्या गल्लीत माझ्यासारख्या कितीतरी सुना कागल, आजरा, चंदगडकडून आलेल्या आहेत. कन्नड आम्ही बाजारात आणि दवाखान्यात शिकलो. बोलतो, लिहायला कमी पडतो. "राज्यात जन्म" ही अट ठेवली तर वीस वर्षे इथे राहून, इथेच मतदान करूनही आम्ही कधीच स्थानिक होणार नाही. आमचे नवरे आणि दीर मात्र होतील. विधेयकात बाई-पुरुष असा शब्दही नाही, पण लग्नानंतर सीमा ओलांडते ती बाईच. मराठी शाळांतून शिकलेल्या मुलांची चर्चा आपल्याकडे होते, ती व्हायलाच हवी; नव्या मुलांना २०१५ च्या कायद्याने शाळेत कन्नड आहे, ती परीक्षा पार करतील. सुनांचा विचार दोन्ही राज्यांतल्या कोणी केलेला मी वाचला नाही.

टिळकवाडीचा वाचक (धागाकर्ता)

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो निवेदनात जायला हवा. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचे आयुक्त आहेत. विधेयक पुन्हा मांडले गेले तर जन्माच्या अटीऐवजी वास्तव्याची अट आणि विवाहाने आलेल्यांना लेखी परीक्षेतून सूट, अशी नेमकी मागणी त्यांच्याकडे आणि कामगार खात्याकडे करता येईल. मसुदा मी लिहितो, वहिनी, आपण तो तपासून द्यावा.

कोअरशॉप

एक व्यवहारातला प्रश्न. आमच्यातल्या काही जणांना ठेकेदाराकडून काढून कंपनीच्या "फिक्स्ड टर्म" यादीत घेणार, असे बोलले जात आहे. घ्यावे का?

टिळकवाडीचा वाचक (धागाकर्ता)

माझ्या वाचनानुसार ठेक्यापेक्षा ते बरे आहे. ठरावीक मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन आणि सवलती द्याव्या लागतात आणि पाच वर्षांऐवजी एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. मुदत संपल्यावर काम संपते आणि ती कपात धरली जात नाही, ही तिची उणी बाजू आहे. म्हणून तीन गोष्टी पाहा. नेमणूकपत्र आता सक्तीचे आहे, ते कंपनीच्या नावाचे आहे की पुन्हा एखाद्या एजन्सीच्या, हे वाचा. मुदत एक वर्षाहून कमी, म्हणजे अकरा महिन्यांची, लिहिली असेल तर ग्रॅच्युइटीचा हक्क लागायच्या आधीच ती संपते. ती किमान बारा महिन्यांची करून मागा. आणि भविष्य निर्वाह निधीचा जुना यूएएन क्रमांकच पुढे चालू ठेवायला सांगा, नवा काढू देऊ नका, म्हणजे ठेकेदार बदलत गेलेली आधीची वर्षे एका खात्यात दिसतील. पत्र हातात आले की त्यातला वैयक्तिक मजकूर झाकून इथे लावा. आपल्यापैकी ज्यांना कलमे वाचता येतात ते ओळीओळीने पाहून सांगतील.